अर्धा कोयता: एका कथेचा निवेदक बदलला, त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गेली अकरा वर्षं मी एका छोट्या दिवाळी अंकाचा कथाविभाग पाहतो. अंक जिल्ह्याच्या गावातून निघतो, बाराशे प्रती छापतो, मानधन जेमतेम देतो. 1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून नव्या कथाकाराचं नाव छापून येण्याची ही आपल्याकडची हक्काची जागा आहे. आमच्याकडे जूनअखेरपर्यंत कथा येतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मजकूर अक्षरजुळणीला जातो आणि ऑक्टोबरात अंक हातात पडतो. कथेवर काम करायला मधे दोन महिने मिळतात.

2023 च्या जूनमध्ये मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेची कथा आली. इथून पुढे त्यांना मॅडम म्हणतो. त्यांची ही पहिलीच कथा. वहीची पानं मोबाइलवर फोटो काढून पाठवलेली, अक्षर वळणदार, शब्द मोजले तर सहा हजार दोनशे. आमची मर्यादा साडेतीन हजारांची. पुढची सगळी हकिगत त्यांच्या परवानगीनं लिहितोय. गाव, वर्ग आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कथेचा विषय त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता. दसरा झाला की गावातली निम्मी घरं ऊस तोडायला जातात, ती पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. कथेतली नात सातवीत आहे, आजीपाशी राहते. आईबाप फडावर. हंगाम संपून ते परतले की तिचं लग्न लावायचं ठरलंय. हे आजीला माहीत आहे, नातीला नाही. आजी घरातला जुना पितळी हंडा घासून लख्ख करते आणि नात शेजारी बसून पाढे म्हणते. हा एवढा प्रसंग वाचून मी कथा बाजूला काढून ठेवली. छापायची ती हीच, हे त्याच रात्री ठरलं होतं.

अडचण

छापायची असं वाटत असूनही कथा वाचवत नव्हती. मूळ खर्ड्यातला हाच प्रसंग मॅडमच्या संमतीनं देतो:

"आजी हंडा घासत होती. तिच्या मनात अपराधीपणाची भावना दाटून आली होती. नात शेजारी बसून अभ्यास करत होती आणि आपण डॉक्टर होणार या स्वप्नात रमली होती. तिला कुठे ठाऊक होतं की हा हंडा तिच्याच लग्नाचा आहे! तिकडे दूर फडात मोळी उचलताना बापाला वाटत होतं, एक तोंड कमी झालं तर बरं. शाळेत बाईंना मात्र या हुशार मुलीची काळजी लागून राहिली होती. तो हंडा म्हणजे जणू तिच्या तुरुंगाचं प्रतीक होता."

प्रत्येक वाक्य स्वतंत्र घेतलं तर चूक काही नाही. व्याकरण ठीक, भाषा स्वच्छ, कळकळ खरी. तरी सात वाक्यं वाचून झाल्यावर वाचकाला कोणाचंच काही लागत नाही. कथेचा शेवट असा होता: बाईंनी 1098 या बालकांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन केला, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात आले, 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचं कलम वाचून दाखवलं गेलं आणि नातीच्या हातात पुस्तक आलं.

पहिलं निदान

मी मॅडमना लिहिलं, "कथेचा विषय फार मोलाचा आहे, पण शेवट प्रचारकी वाटतो. वेगळा शेवट सुचतो का पाहा."

माझं हे पत्र म्हणजे या प्रकरणातली पहिली आणि सगळ्यांत महागात पडलेली चूक. शेवट प्रचारकी होता हे खरंच. पण तापाला रोग समजून औषध द्यावं तसं मी केलं.

मॅडमनी मन लावून शेवट बदलला. आठ दिवसांनी आला त्या शेवटात नात विहिरीत उडी घेते. ते वाचून मला अस्वस्थ व्हायला झालं, आणि ती अस्वस्थता कथेनं दिलेली नव्हती. माझ्या पत्रामुळे एका मुलीला उगाच मारलं गेलं असं वाटत राहिलं. मी पुन्हा लिहिलं, "हा फार टोकाचा वाटतो." तिसऱ्या खेपेला बारा वर्षांची उडी घेतली होती. नात आता आई झाली आहे आणि तोच हंडा स्वतःच्या लेकीसाठी घासते आहे. यात कलाटणी होती, वर्तुळ पुरं होत होतं आणि कथा पूर्वीइतकीच निर्जीव होती. सोबत दोन ओळी होत्या: "सर, यापेक्षा वेगळा शेवट मला सुचत नाही. कथा परत घेते."

तोवर जुलै संपत आला होता. कथा परत देणं सोपं होतं. इतर कथा हाताशी होत्या. मी तो कागद घेऊन आमच्या मुद्रितशोधकांकडे गेलो. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिणं वाचत आलेले गृहस्थ. त्यांनी तिन्ही शेवट बाजूला ठेवले, पहिली चार पानं वाचली आणि विचारलं, "हे सांगतंय कोण?"

त्या रात्री मी चार रंगीत पेन्सिली घेऊन बसलो. नातीला जे दिसतं, वाटतं, कळतं ते निळं. आजीचं तांबडं. बापाचं हिरवं. बाईंचं पिवळं. तिसऱ्या पानावर रंग अकरा वेळा बदलला. एका ठिकाणी एकाच वाक्यात दोनदा.

खरी अडचण कोणती होती

मराठीत आपण 'निवेदक' आणि 'दृष्टिकोन' हे शब्द एकाच अर्थानं वापरतो आणि तिथंच घोळ होतो. निवेदक म्हणजे सांगणारा आवाज. दृष्टिकोन म्हणजे ज्याच्या डोळ्यांनी आणि ज्याच्या माहितीच्या कुंपणात राहून सांगितलं जातं ते माणूस. कथा 'ती म्हणाली', 'ती उठली' अशी तृतीयपुरुषी असू शकते आणि तरीही केवळ त्या 'ती'लाच दिसेल तेवढंच दाखवू शकते. याला मर्यादित दृष्टिकोन म्हणतात. सगळ्यांच्या मनात शिरू शकतो, काल आणि उद्या दोन्ही जाणतो, तो सर्वसाक्षी निवेदक.

मॅडमचा निवेदक सर्वसाक्षी होता. त्यात कमी प्रतीचं काही नाही. आपले कीर्तनकार सर्वसाक्षी असतात, आजीच्या गोष्टीतला आवाजही तसाच. पण कीर्तनकार कुठं थांबायचं आणि काय राखून ठेवायचं हे ठरवून बोलतो. इथला निवेदक काहीच राखत नव्हता. दुसऱ्या परिच्छेदातच वाचकाला सगळ्यांचं सगळं कळून गेल्यावर एकच प्रश्न उरतो: लग्न होतं की टळतं? या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत आणि कुठलंही दिलं तरी ते बातमीसारखं वाटतं. म्हणून तिन्ही शेवट पडले. बिघाड पहिल्या पानावर होता आणि मी त्यांना शेवटचं पान दुरुस्त करायला लावत होतो.

कथेचा जीव कशात होता? एक आजी नातीवर जीव टाकते आणि तिच्याच लग्नाचा हंडा घासते, यात. कोणाला किती माहीत आहे, कोण गप्प आहे आणि कोण त्या शांततेत पाढे म्हणतंय. कथेत माहितीची वाटणी हीच सगळ्यांत मोठी घटना होती.

पर्याय

मी फोन केला. माझ्या पत्रांबद्दल आधी माफी मागितली, मग रंगीत पानांचा फोटो पाठवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, हे तर हजेरीपटासारखं दिसतंय."

आम्ही चार वाटा मांडल्या. सर्वसाक्षी निवेदक ठेवून त्याला शिस्त लावणं ही पहिली. ती दोन मिनिटांत बाजूला पडली, कारण सहा आठवड्यांत पहिल्याच कथेत ते साधणं कठीण होतं. उरलेल्या तिघींचा निवाडा चर्चेनं होईना, तेव्हा मी सुचवलं की हंड्याचा प्रसंग तीन वेळा लिहा, प्रत्येकी दीडशे शब्दांत. नातीच्या तोंडून, बाईंच्या तोंडून आणि आजीच्या डोळ्यांनी. चार दिवसांत तिन्ही आले.

नात:

"आजी हंडा घासायली. म्हणलं, कुणाचाय? म्हणली, लग्नाचा. म्हणलं, कुणाच्या? तर म्हणली, तू पाढे म्हण."

हे वाचताना हसू येतं आणि पुढच्याच क्षणी पोटात खड्डा पडतो. वाचकाला कळतं ते सांगणाऱ्या मुलीला कळत नाही, या फटीतून सगळं घडतं. स्त्रीच्या दुःखाची कहाणी तिच्याच तोंडून सांगण्याची वाट मराठीत जुनी आहे. 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून आलेली हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी तिची नायिका यमुनाच सांगते. पण प्रथमपुरुषी निवेदनात एक प्रश्न चुकवता येत नाही: सांगणारी कधी सांगतेय? घडत असताना, की वर्षांनी? घडत असताना म्हटलं तर तेरा वर्षांच्या मुलीच्या बोलीत तीन हजार शब्द पेलायचे. वर्षांनी म्हटलं तर तिला आता सगळं कळलेलं आहे, मग तो भाबडेपणा खोटा ठरतो. मॅडमचा दीडशे शब्दांचा तुकडा सुंदर होता. तो ताणला तर गोड बोलणाऱ्या मुलीचं सोंग होईल, ही भीती दोघांनाही वाटली.

बाई:

"त्या आठवड्यात मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे चार दिवस 'गै' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. निरीक्षणाला येणारे साहेब नेहमी तसं म्हणतात."

या तीन वाक्यांनी मी खुर्चीत सरळ झालो. सांगणारी स्वतःविषयी जे सांगतेय त्याहून जास्त वाचकाला दिसतंय. अशा सांगणाऱ्याला समीक्षेत अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केली. अविश्वसनीय म्हणजे खोटारडी नव्हे. बाई एक शब्द खोटा बोलत नाहीत. त्या अक्षराबद्दल बोलतात, कारण मुलीबद्दल बोलणं झेपत नाही.

आजी:

"काठावरचा काळा डाग जाईना. म्हातारीनं चिंचेचा कोळ पुन्हा लावला, वरून राख. 'आजे, एवढं कशाला घासतीस? भरायला पाणी कुठंय?' 'तू पाढे म्हण.' सतराच्या पाढ्यावर नात नेहमी अडायची. आज अडली नाही. म्हातारीचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला."

निर्णय

माझा कौल बाईंकडे होता आणि मी तो दोनदा बोलून दाखवला. तो आवाज सगळ्यांत ताजा होता आणि मॅडमच्या सर्वांत जवळचा. मॅडम म्हणाल्या, "ती गोष्ट मला ठाऊक आहे सर. म्हणूनच नको."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विषय काढला. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की त्यांच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर परत आली नाही, आणि ते लिहायचं तेव्हा त्या लिहितील. दिवाळी अंकाच्या तारखेसाठी नाही.

आजी ठरली. तो निर्णय त्यांचा होता आणि कथेच्या अंगानं पाहिलं तर तोच बरोबर होता, हे मला नंतर पटलं. नात निरागस आहे, बाई बाहेरच्या आहेत. आजी मात्र एकाच वेळी बळी आहे आणि हातभार लावणारीही. संघर्ष एकाच माणसाच्या आत असेल तर त्याला बाहेर पोलीस आणावे लागत नाहीत.

पण लगेच दुसरा पेच आला, आणि तो मला सगळ्यांत शिकवून गेला. आजीच्या मनात बसून कथा सांगायची आणि आजीला लग्नाचं आधीपासून माहीत आहे. मग वाचकाला कधी सांगायचं? मॅडमना ते शेवटपर्यंत झाकून ठेवावंसं वाटत होतं, म्हणजे धक्का बसेल. मी नको म्हटलं. ज्याच्या डोक्यात आपण वाचकाला बसवलं, त्याला रात्रंदिवस छळणारी गोष्ट वाचकापासूनच लपवायची ही फसवणूक आहे. धक्का बसतो, पण वाचक मागं वळून म्हणतो, माझ्याशी खोटं वागलात. पात्राला नकळत असलेली गोष्ट लपवता येते. पात्राला ठाऊक असलेली लपवायची तर पात्रानंच ती स्वतःपासून लपवायला हवी.

हे शेवटचं वाक्य बोलता बोलता सुचलं आणि मॅडमनी ते पकडलं. आजी विचार करणं टाळते. ती मनात 'लग्न' हा शब्द आणत नाही. ती फक्त घासते.

काय केलं

बापाचा फडावरचा प्रसंग, वर्गातला प्रसंग, मांडवातले पोलीस, विहीर, बारा वर्षांची उडी, सगळं काढलं. सहा हजार दोनशेचे तीन हजार तीनशे शब्द झाले. काढताना मॅडमना बाईंचं पात्र पूर्ण गेल्याचं वाईट वाटलं. मी एक जागा सुचवली: नात घरी येऊन सांगते, "बाईंनी इचारलंय, आई कधी येती." आजी उत्तर देत नाही. बाई एवढ्याच उरल्या.

मग भावना नाव घेऊन सांगणारी वाक्यं शोधली. 'अपराधीपणाची भावना दाटून आली', 'तिला भरून आलं', 'काळजी लागून राहिली'. सांगू नका, दाखवा, हा सल्ला आज लेखनाच्या प्रत्येक कार्यशाळेत परदेशातून आल्यासारखा दिला जातो. आपल्याकडे 11 व्या शतकातल्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त रसदोष मोजताना पहिलाच दोष हा धरला आहे: रसाला, स्थायी (मनात टिकून राहणाऱ्या) भावाला किंवा व्यभिचारी (येत-जात राहणाऱ्या) भावाला त्याच्या नावानंच सांगून टाकणं. शोक म्हटल्यानं शोक पोचत नाही. तो विभाव-अनुभावांतून, म्हणजे ज्यामुळे भाव जागतो ती परिस्थिती आणि ज्यात तो दिसतो ती हालचाल यांतून पोचतो. मॅडम संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या. मी या दोषाचं, स्वशब्दवाच्यतेचं, नाव काढताच त्या म्हणाल्या, "हे मी परीक्षेत लिहिलंय सर. पण कथेत असं वापरायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं." पुढच्या खर्ड्यात अशी एकोणीस वाक्यं गेली. 'हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला' त्यांतल्याच एका वाक्याच्या जागी आलं.

'तुरुंगाचं प्रतीक' हे वाक्य तर जायचंच होतं. वस्तू कथेत पुरेशी वापरली गेली की प्रतीक आपोआप होते. लेखकानं तसं जाहीर केलं की ती पुन्हा नुसती वस्तू उरते.

पूर्वदृश्याचा, म्हणजे आधी घडून गेलेलं मधेच दाखवण्याचा, प्रश्न हंड्यानंच सोडवला. मूळ खर्ड्यात आजीच्या स्वतःच्या बालपणीच्या लग्नाची दोन पानं होती. ती वाचनीय होती, पण चालू प्रसंग थांबवत होती. मॅडमच्या लक्षात आलं की आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. हंडा आजीच्याच लग्नातला केला. डाग घासता घासता काठावरची अक्षरं उघडी पडतात: तिचं नाव, नवऱ्याचं नाव. ती बोटानं चाचपते, कारण वाचता येत नाही. दोन पानांच्या जागी एक ओळ झाली आणि पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागली.

आता कोयता. पहिल्या खर्ड्यात भिंतीच्या फटीत खोचलेला जुना कोयता तीनदा येत होता, प्रत्येकदा 'गंजलेला', 'धारदार' अशा विशेषणांसह. रशियन लेखक चेखवनं 1889 मधल्या एका पत्रात लिहिलंय की कोणी झाडणारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. मी म्हटलं, हा कोयता वाचकाला रक्ताची वाट पाहायला लावतो आणि रक्त तर येत नाही. काढून टाका. मॅडमनी नकार दिला. त्यांनी पहिल्या दोन पानांत फोनचा एक नवा प्रसंग लिहून पाठवला. बाप फडावरून बोलतोय, मागं ट्रॅक्टरचा आवाज:

"'पाव्हण्याचा अर्धा कोयता हाय. औंदा पुरा होतोय.' म्हातारीनं फोन कानाचा काढून बघितला, मग पुन्हा लावला. 'ऐकायलीस ना?' 'हां.'"

मला वाक्य कळलं नाही. मी तळटीप मागितली.

तेव्हा त्यांनी समजावलं. ऊसतोडीत मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यामागे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोराचं लग्न झालं की कोयता पुरा होतो, उचल वाढते. बापानं लग्न हा शब्द न उच्चारता लग्न ठरल्याचं सांगितलं होतं, आजी तो शब्द मनात का आणत नाही याचं कारणही त्यातच होतं, आणि भिंतीवरचा कोयता अचानक वेगळाच दिसू लागला. माणसाला हत्याराच्या नावानं मोजणारी भाषा. मी जन्मभर ध्वनी, व्यंजना हे न बोलता सुचवलेल्या अर्थाचे शब्द वापरत आलो. मुकादमाच्या हिशेबात ते असे पडलेले असतील असं कधी वाटलं नव्हतं.

तरी तळटीपेचा आग्रह मी लगेच सोडला नाही. आमचे निम्मे वाचक शहरातले. मॅडम म्हणाल्या, "आमच्या गावात कोणी विचारणार नाही. ज्याला आत्ता कळणार नाही, त्याला शेवटी कळेल." आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. पुण्यातल्या एका वाचक मैत्रिणीला कथा दिली आणि लग्नाचं कळतं तिथे खूण करायला सांगितली. तिची खूण शेवटून दुसऱ्या पानावर होती. बीडकडच्या एका मित्राची खूण दुसऱ्या पानावर. दोघांनी दोन वेगळ्या कथा वाचल्या होत्या: एकानं आजीबरोबर सगळा हंगाम ते ओझं वाहिलं, दुसरीला ते नातीसारखं हळूहळू उमगत गेलं. दोन्ही वाचनं खरी होती. तळटीप छापली नाही.

शेवट आता मागावा लागला नाही. पट्टा पडतो, माणसं परततात. बाप जेवून उठतो, भिंतीतला कोयता काढतो, अंगठ्यानं धार बघतो आणि नातीपुढे धरतो. "मूठ बसती का बघ." नात पाटी-पुस्तक खाली ठेवून कोयता हातात घेते. "बसती," ती म्हणते. आजी हंडा उचलून पाण्याला निघते. कथा तिथे संपते.

परिणाम

कथा अंकात चौथ्या क्रमांकावर छापली. त्या वर्षी आलेल्या पत्रांत आणि निरोपांत तिचा उल्लेख सर्वाधिक होता. बहुतेकांनी हंड्यावरच्या नावाविषयी लिहिलं. एका सामाजिक कार्यकर्तीनं नाराजी कळवली: इतक्या गंभीर विषयावरच्या कथेत तक्रार कुठे करायची हे एका ओळीनंही का नाही? मला हे पत्र महत्त्वाचं वाटतं. कथेत ती ओळ घालणं चूक ठरलं असतं, या मतावर मी ठाम आहे. पण अंकात, कथेच्या बाहेर, 1098 चा क्रमांक छापायला आमची काहीच हरकत नसायला हवी होती. ते सुचलं नाही.

मॅडमनी शाळेच्या पालकसभेत कथा वाचून दाखवावी असं मी सुचवलं होतं. त्यांनी वाचली नाही. हंगामात सभेला आज्याच येतात, म्हणाल्या.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं पत्र मी आता वेगळं लिहीन. 'प्रचारकी' हा शब्द निवाडा देतो, जागा दाखवत नाही. लेखकाला हवी असते जागा: तिसऱ्या पानावर चौथ्या ओळीत आपण आजीच्या मनातून बापाच्या मनात का गेलो? 'निवेदक', 'दृष्टिकोन', 'पूर्वदृश्य' या संज्ञांचा मला उपयोग झाला तो इतकाच, की दोन माणसं फोनवरून एकाच ओळीवर बोट ठेवू शकली. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना तपशिलानं पत्रं लिहीत, ती आपल्याकडची परंपरा आहे. तिच्या नावानं काम करायचं आणि एका ओळीत शेवट बदला म्हणायचं, याची मला अजून टोचणी आहे. पाच आठवडे त्यात गेले.

रंगीत पेन्सिलींचा उपाय आता पहिल्याच वाचनात करतो. तीन आवाजांत एकच प्रसंग लिहून पाहण्याची युक्तीही ठेवली आहे, पण एक अट घालून: तिन्हींतला कोणता निवडायचा हे लेखकानं ठरवायचं, संपादकाचा आवडता कोणता हे त्याआधी बोलायचं नाही. माझ्या आग्रहामुळे मॅडमना जे सांगायचं नव्हतं ते सांगावं लागलं.

आणि शेवटच्या घाईत एक चूक आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली. अंक निघून महिनाभरानं एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. कथा आवडल्याचं लिहून त्यांनी अकराव्या पानावरचं एक वाक्य उतरवलं होतं: "नात झोपेत शाळेच्या स्वप्नात हसली." खाली विचारलं होतं, म्हातारीला तिचं स्वप्न कसं दिसलं? मॅडमनी, मी आणि मुद्रितशोधकांनी मिळून ते पान दहा वेळा तरी वाचलं असेल. मूळ सर्वसाक्षी निवेदकाचा तो एवढा तुकडा मागं राहून गेला होता. मी पोस्टकार्डाचा फोटो मॅडमना पाठवला. संध्याकाळी त्यांच्याकडून अंकाच्या त्याच पानाचा फोटो आला. निळ्या पेनानं 'शाळेच्या स्वप्नात' खोडलेलं होतं. उरलं होतं, "नात झोपेत हसली."